दुपारी दोन ते साडेतीन

भटवाडी, घाटकोपर
१९ जानेवारी २०२५

मधू,

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मोबाइलवर पाठवलेलं तू महिनाभर उघडत नाहीस, म्हणून कागद घेतला. नर्सिंग हॉस्टेलच्या एका खोलीत तीन वर्षं भांडलेल्या दोन बायकांना या वयात पत्रं लिहावी लागतात, ही तुझ्या कानांची कृपा.

तू विचारलंस कधी येतेस. एकतीस मार्चला. नर्सिंग ब्यूरोला तसं लेखी दिलं आहे. पालिकेच्या रुग्णालयातून निवृत्त झाल्यावर घरोघरी जाऊन रुग्ण सांभाळायची ही माझी सातवी केस, आणि शेवटची. त्यानंतर तुझ्या आचऱ्याला येऊन राहीन, ठरल्याप्रमाणे.

केस वेसाव्यातली. रोज मेट्रोने जाते. सखुबाई, वय अठ्ठ्याहत्तर, जन्म कोळीवाड्यातला. चाळीस वर्षं अंधेरीच्या बाजारात मासळी विकली. दीड वर्षापूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही. आता फक्त ‘ए’ म्हणता येतं. मुलगा अनंता होडीच्या धंद्यात आहे, सून चेतना सासूचीच बाजारातली जागा चालवते. दोघं दिवसभर बाहेर. सकाळी आठ ते रात्री आठ मी, आणि रात्री आठपासून समीक्षा. ही गोवंडीहून येते, अडतीस वर्षांची, पदरात दोन मुली. ब्यूरोत तिला मीच शिकवलं. हात चांगला आहे. बोलते फार.

सखुबाईला हाक मारता येत नाही, म्हणून मी तिच्या डाव्या हाताशी स्टीलची वाटी आणि चमचा ठेवला. काही हवं असलं की वाजवायचं. घरच्यांना ही युक्ती फार आवडली. परवा मी मोजलं. बारा तासांत त्रेचाळीस वेळा वाजली. पाणी. पंखा लावा. पंखा बंद करा. उशी. माशी. पडदा. आणि काही वेळा काहीच नाही, नुसती मी येते का ते बघायला. गेले की बघते आणि तोंड फिरवते. बाजारात गिऱ्हाइकाला असंच उभं करत असणार.

आता पुढचं वाचून फाडून टाक. मी दिवस मोजायला लागले आहे. त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर पेन्सिलीने बारीक ठिपके काढते, कुणाला दिसणार नाहीत असे. अडतीस वर्षांच्या नोकरीत मी हे केलं नाही. जी मुलगी ड्युटीवर घड्याळ बघायची तिला मी वॉर्डभर ऐकू जाईल असं बोलायची. आज सकाळी ठिपका काढला तेव्हा कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून मी मागे वळून बघितलं. लाज वाटली. एकाहत्तर उरलेत.

तू नोकरीचे शेवटचे महिने कसे काढलेस, ते खरं खरं लिही.

नलिनी


आचरे
३० जानेवारी

काय गो नलूबाय,

नाही फाडलं. फाडण्यासारखं त्यात होतं काय? जन्मात एकदा कॅलेंडरवर ठिपका काढलास तो पेन्सिलीने, आणि त्यालाही घाबरलीस. तुझ्या जागी मी असते तर लाल स्केचपेनने फुल्या मारल्या असत्या आणि म्हातारीलाही दाखवल्या असत्या.

माझे शेवटचे महिने? ऐक. चादरींच्या खोलीत गाठोड्यांवर पाय वर करून बसायची. रोज अर्धा तास. वॉर्डातल्या मावशीला सांगून ठेवलं होतं, कुणी विचारलं तर सिस्टर राउंडला गेल्यात म्हण. एकदा मेट्रनच दार उघडून आत आली. मी म्हटलं, चादरी मोजत्येय. ती म्हणाली, मोजा, मीही जरा मोजते, आणि बाजूच्या गाठोड्यावर बसली. कुणी मेलं नाही त्या अर्ध्या तासात.

तुझं बिनसतं कुठे सांगू? तुला वाटतं चाळीस वर्षं ताठ उभी राहिले तर शेवटचा दिवसही ताठच संपला पाहिजे. आपण काय लोखंडाच्या आहोत? तुझे गुडघे मला माहीत आहेत. दुपारी म्हातारीचं जेवण झालं की तीही पेंगत असेल. तेव्हा तूही खाली चटई टाकून तासभर आडवी हो. चोरी नाही ती. दमलेल्या नर्सपेक्षा झोपलेली नर्स बरी.

तुझ्यासाठी मागची खोली रंगवून घेतली आणि कमोड बसवला. गवंडी विचारत होता, “काकी, मुंबैसून कोण मोठां मानूस येतला काय?” मी म्हटलं, मोठा नाही, कडक.

मधू


घाटकोपर
२३ फेब्रुवारी

मधू,

उत्तराला उशीर झाला. तुझा सल्ला उपयोगी पडला. दुपारी दोन ते साडेतीन झोप मिळते. गुडघे बरे आहेत. सखुबाईही आता दुपारी शांत असते.

बाकी ठीक. अनंता आणि चेतना माझ्याशी फार मानाने वागतात. परवा चेतनाने ताजी सुरमई बांधून दिली. म्हणाली, “सिस्टर, तुम्ही गेल्यावर आमचं काय होणार?” मी म्हटलं, समीक्षाला दिवसाची ड्युटी द्या, ती तयार आहे. ती म्हणाली, “ती रात्रीला बरी. दिवसाला तुमच्यासारखं माणूस पाहिजे.”

ऊन वाढलं आहे. छत्तीस दिवस.

नलिनी


आचरे
५ मार्च

नलू,

पत्र वाचलं. तीनदा वाचलं, कारण तुझं पत्र इतकं छोटं असलं की मला काळजी वाटते. कागद स्वस्त आहे.

झोपतेस हे चांगलं. एक सांग. दिवसाला त्रेचाळीस वेळा वाटी वाजवणारी बाई एकाएकी शांत कशी झाली? औषध बदललं? ताप येऊन गेला? पुन्हा झटका तर नाही? तुला मी काय शिकवणार, पण ओरडणाऱ्या रुग्णाची मला कधी भीती वाटली नाही. गप्प झालेल्याची वाटते. डॉक्टरला दाखवलंत का?

इथे शेजारच्या काकूंनी तुझ्या खोलीत स्वतःचा गॅस सिलिंडर ठेवलाय. तू येईपर्यंत हलवते म्हणाल्या. हलवणार नाहीत. तू येऊन ओरड, माझं ऐकत नाहीत.

मधू


घाटकोपर
१६ मार्च

मधू,

इथे मोठा प्रकार झाला. सगळं लिहिते, म्हणजे तुला माझी बाजू कळेल.

कोळ्यांची होळी म्हणजे घरच्या लग्नासारखी. गुरुवारी संध्याकाळी सखुबाईला खुर्चीत बसवून गल्लीच्या तोंडापर्यंत न्यायचं ठरलं होतं. तिला आंघोळ घालून लुगडं नेसवायला अनंताची थोरली बहीण आली. मी म्हटलं मी करते. ती म्हणाली, “तुम्ही रोज करता, आज लेकीला करू द्या.” तिने आईला कुशीवर वळवलं आणि ओरडलीच, “काय झायलं गो ह्ये?”

माकडहाडावर जखम होती. लिंबाएवढी. वरची कातडी गेलेली.

सगळं घर त्या खोलीत. गल्लीत बँड वाजत होता, आणि इकडे अनंता मला विचारत होता, “सिस्टर, हे कधीपासून?” मी म्हटलं, “दिवसा त्यांची कूस मी बदलते. रात्रीचं मला सांगता येणार नाही.” एवढंच म्हटलं. सखुबाई त्या वेळी डावा हात माझ्याकडे करून सारखी ए, ए करत होती. अनंता बहिणीला म्हणाला, “बघ, आयेचा भरवसा कोणावर हाय ते. ती सिस्टरला दाखवतेय.”

आठ वाजता समीक्षा आली. तिला दारातच धरलं. ती म्हणाली, लाल झालंय असं मी सिस्टरना सांगितलं होतं. चेतना भडकली. “सिस्टरवर ढकलतेस? ज्यांनी तुला शिकवलं त्यांच्यावर?” समीक्षाने माझ्याकडे बघितलं. अशा वेळी माणसं सुटण्यासाठी काहीही बोलतात. तिला तिथूनच परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी ब्यूरोनेही तिचं नाव यादीतून काढलं. जखम होऊ देणाऱ्या बाईला कुठलाच ब्यूरो घेत नाही, ते तुला माहीत आहे. आता रात्री चेतना स्वतः जागते.

जखम मी रोज धुते, ड्रेसिंग करते. डॉक्टर येऊन गेले. भरेल म्हणाले.

मी खोटं काही बोलले नाही, मधू. कुणी विचारलं तेवढ्याचंच उत्तर दिलं. रात्री काय चालतं ते मला खरंच माहीत नाही. माझं चुकलं असं तुला वाटतं का? पंधरा दिवस उरले. ते नीट पार पडू देत एवढंच.

एकतीसला माझा सत्कार करणार आहेत. साडी, नारळ, कोळीवाड्यातली चार माणसं. नको म्हटलं, ऐकत नाहीत.

नलिनी


आचरे
२० मार्च

नलिनी,

पाच तारखेला मी तुला एक प्रश्न विचारला होता. त्यावर तू चार पानं लिहिलीस आणि त्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाहीस. पुन्हा विचारते.

वाटी कुठे होती?

मी बहिरी आहे. अजून नर्स आहे. लिंबाएवढी जखम रात्रीत होत नाही आणि एकट्या रात्रीने होत नाही. वाचा गेलेली बाई घरच्या सगळ्या माणसांसमोर एका बाईकडे हात करून ओरडते. तिला तुझं कौतुक करायचं होतं, हे तुला पटलं? अनंताला पटलं, तो मुलगा आहे आणि त्याला पटवून घ्यायचं होतं. तुला पटलं?

आणि समीक्षाने तुला सांगितलं होतं की नाही, तेही लिही.

माझं चुकलं असं वाटतं का म्हणून विचारतेस. आधी काय केलंस ते सांग.

मधू


घाटकोपर
२४ मार्च

मधू,

वाटी फ्रिजवर होती.

तुझं पत्र शनिवारी आलं. दोन दिवस ते पर्समध्ये घेऊन वेसाव्याला गेले आणि परत आणलं. आता बसून लिहिते आहे. गाळत नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तुझ्या सांगण्याप्रमाणे दुपारी चटई टाकली. डोळा लागला की ती वाजवायची. उठायचे, विचारायचे, काही नसायचं. पुन्हा पडायचे, पुन्हा वाजवायची. तिसऱ्या दिवशी मी तिच्या बोटांतून चमचा काढून घेतला, वाटी उचलली आणि स्वयंपाकघरात फ्रिजवर नेऊन ठेवली. म्हटलं, दहा मिनिटं. तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. ती समजून घ्यायचा प्रयत्न करत होती की मी काय करते आहे. मी पाठ केली आणि झोपले. दीड तास. उठले तेव्हा ती डाव्या हाताच्या नखांनी पलंगाच्या लोखंडी दांड्यावर खरवडत होती. अंगाखाली सगळं घाण झालेलं. जेवणानंतर तिला नेहमी होतं, मला ठाऊक होतं. मी तिला स्वच्छ केलं, वाटी परत हाताशी ठेवली. साडेपाचला चेतना आली तेव्हा सगळं जागच्या जागी होतं.

त्या दिवशी मला रडू यायला हवं होतं. आलं नाही. मला बरं वाटत होतं, मधू. झोप झाली होती. दुसऱ्या दिवशी दोन वाजता मी पुन्हा वाटी उचलली. मग रोज. रविवारी घरची माणसं असली की उचलत नसे. म्हणजे हे चूक आहे ते मला रोज माहीत होतं, रविवार धरून. दोन आठवड्यांनी तिने दुपारची बोटं हलवणंही सोडलं. आणि ‘शांत असते’ असं मी तुला लिहिलं.

रोज दीड तास ओल्यात पडून लाल झालेली कातडी मला एक मार्चच्या सुमारास दिसली. पावडर लावली. वॉर्डात ड्युटी बदलताना रुग्णाची सगळी हकिकत पुढच्या बाईला तोंडी द्यायची, ही माझी शिकवण. समीक्षाला मी ती दिली नाही. तिनेच दोन दिवसांनी विचारलं, “सिस्टर, मावशीला मागे लाल दिसतंय, घरी सांगू का?” मी म्हटलं, उन्हाळ्याचं आहे. चार दिवसांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, चाळीस वर्षं मी काय करत होते असं वाटतं तुला? ती ‘सॉरी सिस्टर’ म्हणाली आणि तिने कुणाला सांगितलं नाही. माझ्या शब्दावर गप्प राहिली, आणि त्याच गप्प राहण्यापायी तिचं काम गेलं.

होळीच्या दिवशी ‘रात्रीचं मला सांगता येणार नाही’ हे वाक्य माझ्या तोंडून तयार होऊनच बाहेर पडलं. मला शोधावंही लागलं नाही. अशा वाक्याचं काय होतं ते मी जन्मभर चौकशांमध्ये बघितलं आहे. खालच्या माणसावर जाऊन पडतं.

हे पत्र लिहायला घेतलं तेव्हा पहिली ओळ अशी होती की तू झोपायला सांगितलंस म्हणून झालं. तो कागद फाडला. तू झोप म्हणालीस. वाटी उचल म्हणाली नव्हतीस.

सात दिवस उरले. गप्प राहिले तर साडी-नारळ घेऊन तुझ्याकडे येऊ शकते. कुणाला कधी कळणार नाही. ज्या एकीला माहीत आहे तिला बोलता येत नाही, आणि जी दुसरी बोलली तिच्यावर कुणाचा विश्वास नाही. समीक्षाची थोरली मुलगी यंदा दहावीला आहे. परीक्षा चालू असतानाच हे झालं.

उद्या सांगेन म्हणते. काल आणि परवाही म्हटलं होतं.

नलिनी


आचरे
२८ मार्च

नलू,

हे पत्र पोहोचेपर्यंत सांगितलेलं असशील तर पुढचं वाचू नकोस.

नसशील तर ऐक. तू सांगून ये किंवा न सांगता ये, दार उघडं आहे. मी काही न्यायाधीश नाही. पण न सांगता आलीस तर रोज सकाळी चहाबरोबर मी तुला विचारणार, समीक्षा काय करते आता? रोज. तुझ्यापेक्षा माझी स्मरणशक्ती चांगली आहे आणि तुझं उत्तर मला ऐकूही येणार नाही, म्हणजे मी पुन्हा विचारीन.

तुझं पत्र आल्यापासून माझंही जेवण नीट जात नाही. गाठोड्यांवरची गोष्ट मी तुला हसत हसत लिहिली. कुणी मेलं नाही असं लिहिलं. त्या अर्ध्या तासांत कोण कुशीवर पडून माझी वाट बघत होतं ते मी कधी विचारलं नव्हतं. आता विचारायला कुणी उरलं नाही.

तुला विचारायला माणसं आहेत अजून. जा.

मधू


घाटकोपर
१३ एप्रिल

मधू,

सांगितलं. पंचवीस तारखेलाच, संध्याकाळी, दोघं घरी असताना, सखुबाईसमोर. उभी राहून सांगितलं. बसले असते तर बोलता आलं नसतं.

चेतनाला आधी कळेचना. “कुठली वाटी? म्हणजे तुम्ही... रोज?” मी म्हटलं, रविवार सोडून. अनंता उठून गॅलरीत गेला. तिथूनच, पाठ करून म्हणाला, “आये हात करत होती तुमच्याकडे. आणि मी...” चेतनाच मग बोलली, आणि ते मी तुला जसंच्या तसं लिहिते, कारण मला ते पाठ झालं आहे. “बाजारात मी सकाळ-संध्याकाळ भांडते. शिव्या देते, खाते. पण कोणाचं तोंड नाय बांधलं अजून. आणि तुमच्यासाठी मी सुरमई बाजूला काढून ठेवत होते.” मग म्हणाली, “त्या पोरीला मी दारातून हाकलली. तुम्ही तिथे, त्या कपाटाशी उभ्या होतात.” मी म्हटलं, हो.

सखुबाईने छताकडे बघितलं. माझ्याकडे नाही.

ब्यूरोच्या श्वेता मॅडम म्हणाल्या, “सिस्टर, तोंडी मिटवू या, लेखी दिलंत तर आमचंही नाव जाईल.” मी लेखी दिलं. एक प्रत त्यांना, एक समीक्षासाठी, सहीनिशी. माझं नाव यादीतून कमी केलं. समीक्षाचं परत घालते म्हणाल्या, पण आवाज असा की मला खात्री वाटली नाही. म्हणून ती प्रत घेऊन गोवंडीला गेले.

पत्ता शोधायला तासभर लागला. दारात बसून ती लसूण सोलत होती, दोन मोठी पोती शेजारी. तेच काम मिळालं होतं तिला घरबसल्या. मला बघून उठली नाही. आत या म्हणाली नाही. मी उभ्याउभ्या सांगितलं आणि कागद पुढे केला. तिने हात पुसले, कागद पूर्ण वाचला.

“सिस्टर, मी तुम्हाला विचारलं होतं ना? दोनदा?”

“हो.”

“तुम्ही म्हणालात उन्हाळ्याचं.”

“हो.”

“आणि सगळ्यांच्या पुढ्यात मी तेच बोलले, तर तुम्ही माझ्याकडे बघितलंही नाय.”

“हो.”

“मग आता काय? मी रडू? तुमच्या पाया पडू, की बाबा, खरं बोललात?”

मी म्हटलं, माझी दिवसाची ड्युटी तू घे. मी घरच्यांशी बोलते. एकतीसपासून मी नाहीच आहे.

तेव्हा ती हसली. वाईट हसली. “वा. म्हणजे जखम तुम्ही करायची, धुवायची मी, आणि तुम्ही गावाला आंबे खायला? चालायला लागा, सिस्टर. मला विचार करू दे.”

चालायला लागले. कोपऱ्यापर्यंत आले तेवढ्यात तिने मागून हाक मारली. गल्लीतल्या बायका बघत होत्या. तिने आवाज कमी केला नाही. म्हणाली, “मी रात्रीला परत येते. त्या मावशीसाठी येते. पण तुम्ही जायचं नाय. जखम भरेपर्यंत रोज यायचं. नायतर त्या घरात सगळे उद्या विसरतील कोणी काय केलं ते. मी विसरू देणार नाय.”

हे मी चेतनाला सांगितलं. ती म्हणाली, “मला तुमचं तोंड बघायचं नाही. पण तिला मी काय तोंडाने नाही म्हणू? ती म्हणते तर या.” तिने स्वतः गोवंडीला फोन केला. काय बोलली मला माहीत नाही. बराच वेळ बोलली आणि नंतर डोळे धुऊन आली.

तेव्हा एकतीस तारीख आली आणि गेली. सत्कार अर्थातच झाला नाही. त्या दिवशी मी ड्रेसिंग केलं, चादरी बदलल्या आणि घरी आले.

आता असं आहे. दुपारी अनंताची थोरली बहीण खोलीत बसते, माझ्यावर लक्ष ठेवायला. ती टीव्हीदेखील लावत नाही, नुसती बघते. सखुबाई माझ्या हातून जेवत नाही. मी घास पुढे केला की तोंड मिटते, लेकीने केला की उघडते. मी कूस बदलते, धुते, पुसते. तेवढं तिला करू द्यावं लागतं. मी स्पर्श केला की तिचं अंग आखडतं. रोज, प्रत्येक वेळी. असा रुग्ण मी आधी पाहिला आहे, मधू. मारणाऱ्या घरातून आलेल्या रुग्णांचं असं होतं. तेव्हा मी नातेवाइकांना फाडून खायची.

पहिल्या चार दिवसांत मला सारखं वाटायचं की उद्यापासून येऊ नये. कुणी धरून ठेवलेलं नाही. तारीख नाही, दिवस मोजायला काही नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या कातडीला आपली घाई कळत नाही. महिना लागेल, कदाचित तीन. सकाळी मेट्रोच्या जिन्यावर पाय जड होतात, पण चढते. हिंमत वगैरे काही नाही. त्या घरात माझ्याबद्दल काय बोलायचं ते आता समीक्षाच्या हातात आहे, आणि ते तिच्याच हातात असायला हवं, एवढंच.

तुझी खोली अडवून ठेवू नकोस. सिलिंडर राहू दे.

काल संध्याकाळचं सांगते आणि थांबते. आठ वाजता समीक्षा ड्युटीवर आली. पिशवी ठेवली, हात धुतले आणि पलंगाच्या पलीकडच्या बाजूला उभी राहिली. मी उभी होतेच. ती म्हणाली, “सांगा.”

मी सांगितलं. जेवण किती, पाणी किती. कूस किती वाजता बदलली, कुठल्या बाजूला. जखम आता सुपारीएवढी आहे, कडा गुलाबी, वास नाही. दुपारी मी जागी होते.

ती ऐकत होती. मान हलवली नाही. माझं बोलणं संपल्यावर तिने दुसऱ्या दिशेने वाकून सखुबाईच्या कमरेखाली हात सरकवला आणि चादर स्वतः चाचपून पाहिली, टोकापासून टोकापर्यंत.

मग हात बाहेर काढून म्हणाली, “कोरडी आहे. जा तुम्ही.”

नलिनी